ऐकावे जनाचे, करावे हिशेबाने
घरगुती विद्युत उपकरणे आणि स्वच्छ ऊर्जा : चेन्नईच्या उदाहरणावरून एक अभ्यास

‘पाचामुखी परमेश्वर’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पाच माणसे एकमुखाने जे सांगतात ते खरे मानावे, असा तिचा आशय. गावाचा निवाडा चावडीवर होत असे, त्या काळी ती उपयोगी पडली असेल. परंतु घरात कोणता पंखा लावावा, गच्चीवर सौर पॅनेल बसवावे की नाही, पुढची दुचाकी पेट्रोलची घ्यावी की विजेची, असे प्रश्न निघाले म्हणजे पाच मुखांतून पाच उत्तरे बाहेर पडतात. विशेष म्हणजे ही पाचही उत्तरे आपापल्या घरापुरती खरी असू शकतात. एकाच्या घरातील अनुभव दुसऱ्याच्या घराला नियम म्हणून लावला जातो, तेथे मात्र चूक होते.

बँकेच्या दृष्टीने हा विषय केवळ गप्पांचा नाही. सौर यंत्रणा, विजेवर चालणारी वाहने, ऊर्जाबचत करणारी उपकरणे यांसाठी ग्राहक आता कर्ज मागतात आणि मुदत ठेवी मोडतात. ऐकीव मतावर घेतलेला निर्णय चुकला, तर कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून या क्षेत्रात रोज कानी पडणारी काही मते निवडून ती आकड्यांवर कशी तपासावीत, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

चेन्नईच का?

या अभ्यासासाठी चेन्नई हे शहर निवडण्यास सबळ कारणे आहेत. तेथे पंखा जवळजवळ वर्षभर फिरतो आणि उन्हाळा लांबतो. समुद्र जवळ असल्याने चक्रीवादळे येतात. शहराच्या उत्तरेला एन्नोर व वल्लूर येथे कोळशावर वीज तयार होते, तर राज्याच्या दक्षिण टोकाला कन्याकुमारी जिल्ह्यातील मुप्पंदल परिसरात पवनचक्क्यांची रांग उभी आहे. देशातील पहिली प्रात्यक्षिक पवन ऊर्जा केंद्रे १९८६ साली सुरू झाली, ती तमिळनाडूतील तुतिकोरिन, गुजरातमधील ओखा आणि आपल्या महाराष्ट्रातील रत्नागिरी येथे. पवन ऊर्जेची राष्ट्रीय संशोधन संस्थाही चेन्नईच्या पल्लिकरणै भागात आहे.

गच्चीचा वेगळा उपयोग करण्याची या शहराला सवयही आहे. २००३ साली तमिळनाडूत इमारतींना पर्जन्यजल संचयन सक्तीचे झाले आणि चेन्नईच्या गच्च्यांवरील पाणी नळ्यांवाटे जमिनीत उतरू लागले. पुढे २०१२ च्या सुमारास राज्यात विजेची तीव्र टंचाई होती. चेन्नईत रोज दोन तासांचे आणि राज्याच्या इतर भागांत त्याहून कितीतरी अधिक भारनियमन चालू होते. त्याच वर्षी ‘सोलर सुरेश’ या नावाने परिचित असलेल्या डी. सुरेश यांनी किल्पॉक भागातील आपल्या घराच्या गच्चीवर १ किलोवॅटची, बॅटरी जोडलेली सौर यंत्रणा बसवली, आणि ती पाहण्यास लोक येऊ लागले. पाण्यापाठोपाठ वीजही गच्चीवरून खाली उतरू लागली. त्याबरोबरच तिच्याविषयीची मतेही तयार होऊ लागली.

मत पहिले : ‘सौर ऊर्जा परवडत नाही’

हे मत तपासण्यासाठी चेन्नईचे वीजबिल कसे तयार होते ते आधी समजून घ्यावे लागेल. तेथे घरगुती बिल दोन महिन्यांचे असते. दोन महिन्यांतील पहिली १०० युनिट विनामूल्य देण्याची सवलत २०१६ मध्ये जाहीर झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या दरपत्रकानुसार, एकूण वापर ५०० युनिटांपर्यंत असेल तर १०१ ते २०० युनिटांना २.२५ रुपये, २०१ ते ४०० युनिटांना ४.५० रुपये आणि ४०१ ते ५०० युनिटांना ६ रुपये असा दर होता. वापर ५०० च्या वर गेला, की २.२५ रुपयांचा टप्पा नाहीसा होऊन १०१ पासून ४०० पर्यंत सरसकट ४.५० रुपये पडत. त्यापुढे ६, ८, ९, १० आणि १००० युनिटांवर ११ रुपये असा दर चढत जाई. नंतर या दरांत बदल झाले आहेत. परंतु हिशेबाची रीत कळण्यासाठी येथे २०२२ चेच दर घेतले आहेत व इतर आकार बाजूला ठेवले आहेत.

आता दोन घरांची कल्पना करू. पहिल्या घराचा दोन महिन्यांचा वापर ४०० युनिट, दुसऱ्याचा १००० युनिट. पहिल्याचे बिल १,१२५ रुपये होते, तर दुसऱ्याचे ६,५५० रुपये. वापर अडीच पट आहे, बिल मात्र जवळजवळ सहा पट!

१ किलोवॅटच्या यंत्रणेतून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते, असे साधारणपणे धरले जाते. पहिल्या घराने १ किलोवॅटची यंत्रणा बसवली, तर ६० दिवसांत २४० युनिट तयार होतील. नेट मीटरिंगच्या व्यवस्थेत ही युनिटे वापरातून वजा होऊन १६० युनिट उरतील व बिल १३५ रुपयांवर येईल. बचत ९९० रुपये, म्हणजे वर्षाला ५,९४० रुपये. दुसऱ्या घराने २ किलोवॅट बसवले, तर ४८० युनिट वजा जाऊन ५२० उरतील व बिल २,११० रुपये होईल. बचत ४,४४० रुपये, म्हणजे वर्षाला २६,६४० रुपये.

खर्चाची बाजू पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘पीएम सूर्य घर : मोफत बिजली योजने’त पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये आणि एकूण जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरवण्यात आले. १ किलोवॅटची यंत्रणा ७५,००० रुपयांना आणि २ किलोवॅटची १,४०,००० रुपयांना मिळाली असे समजू. अनुदान वजा जाता पहिल्या घराला ४५,००० रुपये आणि दुसऱ्या घराला ८०,००० रुपये गुंतवावे लागतील. दुसऱ्या घराची रक्कम तीन वर्षांत वसूल होते; पहिल्या घराला त्यासाठी साडेसात वर्षे थांबावे लागते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक प्रश्न पडेल. मुदत ठेवीत मुद्दल शेवटी परत मिळते, पॅनेलचे मुद्दल मात्र झिजते. तेव्हा घसारा धरला पाहिजे. पॅनेलचे आयुष्य २५ वर्षे धरून सरळ रेषा पद्धतीने घसारा काढला, तर पहिल्या घराचा वार्षिक घसारा १,८०० रुपये आणि निव्वळ लाभ ४,१४० रुपये, म्हणजे गुंतवणुकीवर सुमारे ९ टक्के येतो. मधल्या काळात इन्व्हर्टर बदलावा लागतो, तो खर्च धरला म्हणजे हा लाभ ठेवीच्या व्याजाच्या जवळपास उतरतो. दुसऱ्या घराचा निव्वळ लाभ याच रीतीने सुमारे २९ टक्के येतो.

कर्ज काढून यंत्रणा बसवणाऱ्याने हप्त्याची तुलना बचतीशी करावी. ७ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी ८०,००० रुपये घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १,५८४ रुपये बसतो. दुसऱ्या घराची महिन्याची बचत २,२२० रुपये असल्याने हप्ता बिलातूनच निघतो. पहिल्या घराला ४५,००० रुपयांसाठी सुमारे ८९१ रुपये हप्ता भरावा लागेल आणि बचत मात्र ४९५ रुपयांची आहे. उरलेले सुमारे चारशे रुपये दरमहा पगारातून काढावे लागतील. सूर्य तोच, शहर तेच, योजना तीच. तरीही ‘परवडत नाही’ हे पहिल्या घराचे म्हणणे बरेचसे खरे आहे आणि दुसऱ्या घराने ते ऐकून स्वस्थ बसणे हे नुकसानीचे आहे.

मत दुसरे : ‘पंख्याने असा काय फरक पडणार?’

सौर पॅनेल गच्चीवर दिसते, शेजाऱ्यांना दाखवता येते. पंखा मात्र बिचारा छताला निमूट फिरत असतो, म्हणून त्याचा हिशेब कोणी करीत नाही. जुना साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट. अशा मोटरमध्ये कार्बन ब्रश नसतात व घूर्णकात कायम चुंबक असल्याने उष्णतेत वाया जाणारी वीज वाचते. चेन्नईत एक पंखा दिवसाला १५ तास चालतो असे धरले, तर दोन महिन्यांत सुमारे ४० युनिट वाचतात.

या ४० युनिटांची किंमत काय? ती घरावर अवलंबून आहे. मागील उदाहरणातील दुसऱ्या घरात सौर यंत्रणा बसवल्यानंतर ५२० युनिट उरली होती व बिल २,११० रुपये होते. तेथे एक पंखा बदलला, की वापर ४८० वर येतो. ५०० ची सीमा ओलांडून घर खालच्या टप्प्यात उतरते व बिल १,६०५ रुपये होते. एका पंख्याने ५०५ रुपये वाचवले. याच घरात सौर यंत्रणेचे एक युनिट सरासरी सव्वानऊ रुपये वाचवीत होते. पंख्याचे एक युनिट साडेबारा रुपयांहून अधिक वाचवते. पंख्याची जादा किंमत दीड हजार रुपये धरली, तरी ती सहा महिन्यांत वसूल होते. मात्र दोन महिन्यांत १०० युनिटही न वापरणाऱ्या घरात हाच पंखा बिलातून एक रुपयाही वाचवणार नाही, कारण तेथे बिलच शून्य आहे.

वातानुकूलन यंत्राबाबतही असेच आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये ताऱ्यांची लेबले सुरू केली, आणि जानेवारी २०२० पासून नव्या घरगुती एसीचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले. तापमान एका अंशाने वर ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरो सांगते. १८ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर थंड होते, ही समजूत सर्वत्र आढळते. साध्या एसीत तसे होत नाही. यंत्र त्याच गतीने काम करते, फक्त थांबायचे उशिरा. या बचतीला तर एक पैसाही गुंतवावा लागत नाही. म्हणून क्रम असा असावा : आधी वापर कमी करावा, मग उरलेल्या वापराच्या मापाची सौर यंत्रणा घ्यावी. उलट क्रमाने गेल्यास मोठी यंत्रणा घेऊन तिची वीज जुन्या पंख्यांना खाऊ घालावी लागते.

मत तिसरे : ‘ऊन कडक, म्हणून वीज भरपूर, आणि दिवे गेले तरी आपले घर उजळ’

या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. पॅनेल प्रकाशावर चालते, उष्णतेवर नव्हे. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे पॅनेल तापेल तसे उत्पादन प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. चेन्नईच्या मे महिन्यात काच ६० अंशांपर्यंत तापली, तर सुमारे १२ टक्के उत्पादन त्या उष्णतेतच जाते. म्हणूनच पॅनेल गच्चीला चिकटवून बसवू नयेत, खालून वारा खेळण्यास जागा सोडावी. स्वच्छ आकाशाचा, पण थोडा गार दिवस पॅनेलला अधिक मानवतो.

दुसरा गैरसमज अधिक महत्त्वाचा आहे. घरगुती सौर यंत्रणांपैकी बहुतेक यंत्रणा विजेच्या जाळ्याला जोडलेल्या आणि बॅटरीविना असतात. बाहेरचा पुरवठा बंद झाला, की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. हा दोष नसून जाणूनबुजून केलेली सोय आहे. पुरवठा बंद समजून खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याच्या तारेत कोणाच्या तरी गच्चीवरील वीज शिरली, तर त्याचा जीव जाईल. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आदळले. हजारो झाडे व विजेचे खांब कोसळले आणि काही भागांत अनेक दिवस वीज नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचौंग’ वादळाच्या वेळी सखल वस्त्यांत पाणी भरले व सुरक्षिततेसाठी पुरवठा बंद ठेवावा लागला. अशा दिवसांत बॅटरीविना यंत्रणा असलेले घर शेजाऱ्यांच्या घराइतकेच अंधारात असते.

ज्यांच्या घरी आजारी व्यक्ती यंत्रावर अवलंबून आहे किंवा पाण्याचा पंप चालवणे अनिवार्य आहे, त्यांनी बॅटरीसह यंत्रणेचाच विचार करावा. तिचा खर्च अधिक येतो व बॅटरी ठरावीक काळाने बदलावी लागते. तो खर्च बिलातील बचतीतून भरून निघेलच असे नाही. तो विम्याच्या हप्त्यासारखा मानावा. विम्याचा परतावा कोणी टक्क्यांत मोजत नाही. किनाऱ्यावरील घराने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात : खाऱ्या हवेत न गंजणारा सांगाडा आणि वादळी वाऱ्याला तोंड देणारी त्याची बांधणी.

मत चौथे : ‘विजेची गाडी म्हणजे धूर इथून तिथे’

विजेवर चालणाऱ्या दुचाकीचा तमिळनाडूशी जवळचा संबंध आहे. ‘एथर’ ही कंपनी मद्रास आयआयटीच्या तरुण मेहता व स्वप्नील जैन या दोन विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये सुरू केली व तिचा प्रारंभीचा काळ त्या संस्थेच्या परिसरातच गेला. होसूर आणि कृष्णगिरी परिसरात आज अशा दुचाकींचे मोठे कारखाने आहेत. तरीही ‘ही वीज शेवटी कोळशाचीच ना?’ हा प्रश्न विचारला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

साधा हिशेब असा. विजेची दुचाकी १०० किलोमीटरला सुमारे ३ युनिट घेते. वहनातील व चार्जिंगमधील गळती धरता केंद्रात पावणेचार युनिट तयार करावी लागतात. देशातील विजेच्या एका युनिटामागे सरासरी ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर तो सुमारे २.६ किलोग्रॅम होतो. लिटरला ४५ किलोमीटर धावणारी पेट्रोलची दुचाकी तेवढ्याच अंतराला सुमारे ५ किलोग्रॅम सोडते. म्हणजे धूर संपला नाही, निम्मा झाला. जाळ्यातील वारा व सूर्य यांचा वाटा वाढेल तसा तो आणखी घटेल. पेट्रोलच्या गाडीचा धूर मात्र तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत तेवढाच राहील.

परंतु उरलेला निम्मा धूर कोणाच्या अंगणात जातो, हेही पाहिले पाहिजे. उत्तर चेन्नईतील औष्णिक केंद्रांची राख एन्नोरच्या खाडीत व कोसस्थलैयार नदीच्या पात्रात साचली. तेथील मच्छीमारांचे जाळे रिकामे येऊ लागले आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे या राखेची प्रकरणे चालली. चंद्रपूर किंवा कोराडीच्या परिसरात राहणाऱ्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. शहराच्या दक्षिणेकडील खोलीत एसी चालू झाला, की त्याची किंमत काही प्रमाणात उत्तरेकडील खाडी मोजते. ही किंमत कोणत्याही बिलावर छापलेली नसते. वाचवलेल्या प्रत्येक युनिटाला हा दुसराही अर्थ असतो.

पैशांच्या बाजूने पाहता येथेही ‘कोणाचे घर’ हाच प्रश्न उरतो. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरल्यास विजेच्या दुचाकीत किलोमीटरमागे जवळजवळ दोन रुपये वाचतात. तिची किंमत ३०,००० रुपयांनी अधिक असेल, तर ती वसूल होण्यास १५,००० किलोमीटर चालवावे लागेल. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीला त्यास सुमारे एक वर्ष पुरेल. रोज १० किलोमीटर जाणाऱ्या निवृत्त गृहस्थांना चार वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. तोपर्यंत बॅटरीची हमी किती उरते, हेही त्यांनी पाहावयास हवे.

मत पाचवे : ‘वारा आणि सूर्य बेभरवशाचे’

सूर्य संध्याकाळी मावळतो आणि तमिळनाडूतील वारा मुख्यतः मे ते सप्टेंबर या काळात जोर धरतो. त्यामुळे हे मत चुकीचे म्हणता येत नाही. ते अपुरे आहे. व्यापारी ज्याप्रमाणे हंगामी माल कोठारात साठवतो, त्याप्रमाणे वीजही साठवता येते. कोइमतूर जिल्ह्यातील कदम्पारै येथे ४०० मेगावॅटचे आणि महाराष्ट्रात घाटघर येथे २५० मेगावॅटचे केंद्र आहे. तेथे मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज तयार करतात. घरगुती ग्राहकही आपला वाटा उचलू शकतो. कपडे धुण्याचे यंत्र व पाण्याचा पंप रात्रीऐवजी भर दुपारी चालवावा, म्हणजे जाळ्यात सूर्याची वीज मुबलक असतानाच ती वापरली जाते.

मतालाही मुदत असते

ठेवपावतीवर जशी मुदत लिहिलेली असते, तशी ती मतावर लिहिलेली नसते, त्यामुळे मुदत संपलेली मते बाजारात चालू राहतात. जानेवारी २०१४ मध्ये शासकीय खरेदीत एका एलईडी बल्बची किंमत ३१० रुपये होती. तेव्हा ‘एलईडी महाग असतो’ हे म्हणणे रास्त होते. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली, खरेदी एकत्र व मोठ्या प्रमाणावर होऊ लागली, आणि २०१६ मध्ये तीच किंमत ३८ रुपयांवर आली. रामनाथपुरम जिल्ह्यातील कामुदी येथे ६४८ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१६ मध्ये उभा राहिला. त्याच्या विजेचा करार युनिटला ७.०१ रुपये दराने झाला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथे २.४४ रुपयांची बोली लागली आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमध्ये १.९९ रुपयांची. सहा वर्षांपूर्वी शेजाऱ्याने दिलेला सल्ला त्या वेळी अगदी प्रामाणिक असेल. पण त्याच्या किमती त्या वर्षाच्या होत्या.

शेजारच्या बिलाशी असलेले नाते

आणखी एक गोष्ट सहसा चर्चेत येत नाही. वीज कंपन्या अधिक वापर करणाऱ्यांकडून चढा दर घेतात व त्याचा काही भार कमी वापर करणाऱ्यांच्या स्वस्त विजेला आधार देतो. विनामूल्य युनिटांचा भार राज्य शासन अनुदानातून उचलते. दुसऱ्या घरासारखी अनेक घरे सौर ऊर्जेकडे वळली, की त्यांचे बिल घटते. परंतु त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या तारा, खांब, रोहित्रे व रात्रीचा पुरवठा यांचा खर्च तेवढाच राहतो. तो कोणी द्यायचा, हा प्रश्न पुढील काळात प्रत्येक राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे येत राहील. म्हणून पुढील २५ वर्षे आजचेच नियम राहतील, असे समजून हिशेब मांडू नये. नियम काहीसे कडक झाले तरी जी गुंतवणूक टिकेल, तीच करावी.

ज्यांची स्वतःची गच्ची नाही असे भाडेकरू आणि सदनिकाधारक या चर्चेत मागे पडतात. त्यांना पंखे, दिवे आणि एसीचे तापमान ही साधने उपलब्ध आहेत. गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर सामाईक दिवे, पंप व उद्वाहक यांच्यासाठी यंत्रणा बसवण्याचा विचार सर्वसाधारण सभेत मांडता येतो.

निर्णयापूर्वीचे पाच प्रश्न

वरील विवेचनाचा व्यवहारात उपयोग व्हावा, यासाठी ग्राहकाने खरेदीपूर्वी स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत.

१. गेल्या वर्षभरातील माझा वापर किती आणि माझे शेवटचे युनिट कोणत्या दराने पडते? बचतीची किंमत सरासरी दराने काढू नये. वरच्या टप्प्यापासून खाली उतरत काढावी.

२. पैसे न गुंतवता किंवा थोडे गुंतवून वापर किती घटवता येईल?

३. मला बिल कमी करावयाचे आहे की वीज गेल्यावर उजेड हवा आहे? या दोन गरजांची यंत्रणा वेगळी असते.

४. अनुदान, घसारा, बदलावे लागणारे भाग आणि कर्जाचे व्याज धरून निव्वळ लाभ किती? दरमहा बचत हप्त्याहून अधिक आहे का?

५. मी ऐकलेला सल्ला कोणत्या घराचा, कोणत्या शहराचा आणि कोणत्या वर्षाचा आहे?

महाराष्ट्रातील ग्राहकाने चेन्नईचे आकडे उचलून आपल्या घराला लावू नयेत. आपल्याकडे बिल दरमहा येते, दरांचे टप्पे वेगळे आहेत आणि विदर्भातील उन्हाळा कोकणातील पावसाळ्याशी जुळत नाही. घ्यावयाची आहे ती रीत. सौर यंत्रणेच्या कर्जासाठी शाखेत येताना गेल्या बारा महिन्यांची बिले, विक्रेत्याचे लेखी दरपत्रक आणि हमीच्या अटी सोबत आणाव्यात. शाखेतील अधिकाऱ्यांनीही अर्ज पुढे सरकवण्यापूर्वी ग्राहकासमवेत पाच मिनिटे बसून हप्ता व बचत यांची दोन ओळींची तुलना मांडून द्यावी. त्या दोन ओळींत उत्तर ‘आता नको, आधी पंखे बदला’ असे आले, तर तेही ग्राहकाला स्पष्टपणे सांगावे. कर्जाचा एक अर्ज त्या दिवशी कमी होईल. पण साडेसात वर्षांच्या वसुलीची कल्पना नसताना हप्त्याखाली दबणारे एक घर त्यातून वाचेल.